पाते नवे, पण ब्रश कुणाचा?

उपनगरांतल्या सलूनमध्ये एचआयव्हीच्या भीतीने एक चांगली सवय लावली. अंधेरी असो की मुलुंड, खुर्चीत बसलेले गिऱ्हाईक वस्तऱ्यात नवे पाते घातले का, हे नजर ठेवून बघते. कारागीरही ते समोरच पाकिटातून काढतो. मग आधीच्या गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरलेला ब्रश तो नळाखाली धरतो, झटकतो आणि फेस करू लागतो. तिकडे मात्र कुणाचे लक्ष नसते.

पहिला फेस कोरड्या, अखंड त्वचेवर होतो. पण सुलट दाढी झाल्यावर उलटा हात मारण्याआधी पुन्हा फेस लावतात. तोवर कुठेतरी बारीक ओरखडा उठलेला असतो आणि ब्रश त्याच्यावरून फिरतो. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो. शेवटी सगळ्यांच्या गालांवरून फिरणाऱ्या एकाच तुरटीच्या खड्याचीही तीच गोष्ट. त्याहून नेहमी दिसतात ते केसांच्या मुळाशी होणाऱ्या पुवाच्या पुळ्या आणि दाढीतला नायटा. मधुमेह असेल तर पुळ्या लवकर बऱ्या होत नाहीत.

ब्रशमुळे माणसे दगावल्याचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात बॅजर या प्राण्याच्या केसांचा पुरवठा आटला आणि त्याऐवजी घोड्याचे केस वापरले जाऊ लागले. ते नीट निर्जंतुक न केल्याने १९१५ ते १९२४ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक जणांना अँथ्रॅक्स, म्हणजे संसर्गजन्य काळपुळी झाली. त्यांत सैनिक बरेच होते. आज बाजारातून नवा, चांगला ब्रश घेणाऱ्याने याची धास्ती घेण्याचे कारण नाही. चोर बाजारातला जुना शौकीन ब्रश मात्र शोकेसमध्येच शोभतो.

मग ब्रश हवाच कशाला? दाढीचा केस पाणी शोषून मऊ झाला की कापायला बराच कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. ब्रश तेवढा वेळ पाणी केसाशी धरून ठेवतो आणि चपटे बसलेले केस उभे करतो. आधी तोंड कोमट पाण्याने धुवावे, वाटाण्याएवढे क्रीम गालावर लावावे आणि ओला ब्रश हलक्या हाताने गोल फिरवावा. दाबून घासल्यास त्वचा आधीच लाल होते. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने फेस नीट येत नाही. तिथे जास्त क्रीम घेण्यापेक्षा पिण्याचे नळाचे पाणी वाटीभर घेतलेले बरे.

चेहऱ्यावरच फेस करणाऱ्याला फार लांब, लोळणारे केस सोयीचे नसतात. आखूड, दाट आणि टोकाला मऊ असा ब्रश निवडावा. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त असतो, पण आधी भिजवावा लागतो आणि सुरुवातीला टोचतो. घाटकोपर-बोरिवलीतल्या अनेक घरांत प्राण्याचे केस चालतही नाहीत. कृत्रिम तंतूंचा ब्रश तिथे चालतो, शिवाय तो लवकर सुकतो. मुंबईच्या हवेत हा गुण सर्वांत मोठा.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत बिनखिडकीच्या बाथरूममध्ये मगात उभा ठेवलेला ब्रश दुसऱ्या दिवशीही ओलाच हाती येतो. जंतूंना आणि बुरशीला एवढेच हवे असते. अँटिसेप्टिकमध्ये बुडवून तो पुन्हा ओला ठेवण्यात काही हशील नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावा, जोरात झटकावा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला केस खाली करून टांगावा. पावसाळ्यात दोन ब्रश आलटून-पालटून वापरले तर उत्तम. वडील-मुलाचा एकच ब्रश नको. वास येऊ लागला किंवा केस गळू लागले की टाकून द्यावा.

सलूनमध्ये आपला ब्रश घेऊन जाण्यात कमीपणा नाही. विसरला तर हाताने क्रीम लावायला सांगावे. कारागिराने त्याआधी हात धुवावेत, एवढे म्हणण्याचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे. तुरटीचा स्वतःचा छोटा खडाही खिशात मावतो.

दाढीत पुवाच्या पुळ्या, पिवळी खपली किंवा कडेने वाढणारा खाजरा गोल चट्टा दिसला, तर दाढी करणे थांबवून डॉक्टरला दाखवावे. औषधाच्या दुकानातून मागून घेतलेल्या मिश्र मलमात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा पसरत राहतो. सध्या देशभर आढळणारी नायट्याची एक बुरशी टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही, आणि स्टेरॉइडने रूप बदललेला चट्टा ओळखायला त्वचारोगतज्ज्ञालाही वेळ लागतो.