बंक बेड घेताय? आधी वर बघा!

टू बीएचके फ्लॅट, दोन मुलं आणि दहा बाय दहाची बेडरूम. हे गणित सोडवायला बंक बेडसारखा हटके पर्याय नाही. पण शोरूममध्ये ‘सो क्यूट!’ म्हणत बुकिंग करून टाकण्याआधी खिशात दोन गोष्टी असू द्या. एक मेजरिंग टेप आणि पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान!

रेल्वेच्या डब्यात शिरल्या शिरल्या भावंडांचं पहिलं भांडण कशावरून होतं? ‘वरचा बर्थ माझा!’ दादर सुटायच्या आत एक जण वर चढलेला असतो, दुसऱ्याचे डोळे भरलेले असतात आणि आई खालून पुरी-भाजीचा डबा वर सरकवत असते. त्याच्या आधीच्या पिढीकडे चाळीतला पोटमाळा होता. तिथे वळकट्या, पाटे-वरवंटे आणि अभ्यास करणारा काका असे सगळे गुण्यागोविंदाने नांदायचे. थोडक्यात काय, तर वर चढून झोपण्याचं कौतुक आपल्याला नवं नाही. फक्त आता त्याला प्लाय, ड्युको पेंट, खाली ड्रॉवर आणि बाजूला घसरगुंडी मिळाली आहे.

जागेचा हिशेब तर कुणालाही पटेल असा आहे. एक सिंगल बेड म्हणजे तीन फूट बाय सव्वासहा फूट, साधारण १९ चौरस फूट. दोन बेड एकावर एक चढवले की शंभर चौरस फुटांच्या खोलीतली जवळपास पाचवा हिस्सा जागा मोकळी होते. एक स्टडी टेबल, एक पुस्तकांचं शेल्फ आणि जमिनीवर पसरून खेळायला थोडी फरशी. मुंबई-पुण्याचे सध्याचे भाव माहीत असलेल्या आई-बाबांना यापुढे वेगळं सांगायला नको.

पण ज्या देशांत हे डिझाइन वाढलं, तिथल्या बऱ्याच मुलांच्या खोलीत आपल्याकडची एक वस्तू नसते. ती आपल्या प्रत्येक खोलीत, छताच्या बरोब्बर मधोमध, गरगर फिरत असते.

पंख्याचं काय करायचं?

चला, गणित मांडू या. खोली दहा बाय दहा, पंखा मध्यावर. म्हणजे भिंतीपासून पंख्याच्या दांड्यापर्यंत पाच फूट. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे पात्यांच्या वर्तुळाचा व्यास चार फूट. दांड्यापासून पात्याच्या टोकापर्यंत झाले दोन फूट. पाच वजा दोन, तीन. पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवरून फिरतंय. आता बंक बेडची रुंदी बघा. गादीच तीन फुटांची, वर चौकटीचे तीन-चार इंच. म्हणजे बेड अगदी भिंतीला चिकटवून लावला, तरी त्याची कड पात्याच्या टोकाखाली येते!

आता उंची. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. बहुतेक फ्लॅट्समध्ये तेवढीच असते आणि पीओपीची फॉल्स सीलिंग केली असेल तर त्यातूनही चार-सहा इंच जातात. पंखा छतापासून फूटभर खाली लटकतो, म्हणजे पाती आठ फुटांवर. वरच्या गादीचा पृष्ठभाग साधारण पाच फुटांवर येतो. मधे उरले तीन फूट. सात-आठ वर्षांचं मूल गादीवर नुसतं बसलं तरी त्याचं डोकं सव्वासात फुटांच्या आसपास जातं. त्याने आळस द्यायला हात वर केले, किंवा ‘हाऊज दॅट’ म्हणून उडी मारली, तर? पुढचं सांगायला नको.

मला या विषयात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. शोरूममध्ये बंक बेड मांडलेला असतो तिथे डोक्यावर पंखा नसतोच. सेंट्रल एसी असतो आणि छत असतं बारा फुटांवर. सेल्समन फिनिशबद्दल बोलतो, रंगाबद्दल बोलतो, ईएमआयबद्दल तर भरभरून बोलतो. तुमच्या पंख्याची कडी कुठे आहे, हे तो विचारत नाही. ते आपणच घरून मोजून न्यायचं असतं.

मग उपाय? छतातली कडी सहसा स्लॅबमध्येच बसवलेली असते, ती सहज हलत नाही. ९०० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवला तर जेमतेम अर्धा फूट सुटतो, तेवढ्यावर विसंबू नका. सरळ छताचा पंखा उतरवा आणि समोरच्या भिंतीवर, बेडवरून हात पोहोचणार नाही अशा अंतरावर, जाळीचा वॉल फॅन लावा. खोली मोठी असेल, दहा बाय चौदा वगैरे, तर बेड लांबच्या कोपऱ्यात सरकवून पात्यांपासून चांगलं अंतर मिळू शकतं. तेही टेप लावूनच ठरवा, अंदाजे नको. आणि यातलं काहीच जमत नसेल तर बंक बेडचा नाद सोडा. खालून दुसरा बेड ओढून बाहेर काढायची सोय असलेला साधा पलंगही मिळतो. दिवसा जागा तेवढीच वाचते. ‘कूल’ कमी दिसेल, एवढंच.

कठडा आणि पत्त्याचं पान

वरच्या बेडचा कठडा शोभेसाठी नसतो, हे आपल्याकडच्या कारागिरांना (आणि काही डिझायनर मंडळींनाही) पटवून द्यावं लागतं. अमेरिकेत बंक बेडचे सक्तीचे नियम २००० मध्ये लागू झाले. मुलांचं अंग फटीतून घसरतं, डोकं अडकतं आणि मूल गुदमरतं अशा घटना घडल्यावर हे नियम आले. त्यातली तीन मापं लक्षात ठेवली तरी पुरे. गादीच्या वर कठडा निदान पाच इंच दिसला पाहिजे. वरच्या बेडच्या कठड्यातली कुठलीही फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको. आणि भिंतीच्या बाजूलाही कठडा हवाच, तोही सलग.

या तिसऱ्या मुद्द्यावर सुतार हमखास हसतो. ‘भिंत आहे ना, पडणार कुठे?’ भिंत असते हो, पण बेड रोज कणाकणाने सरकत असतो. भिंत आणि गादी यांच्यात चार बोटांची फट पडली की झोपेतलं लहान मूल तिथे पायाकडून घसरू शकतं. खाली पडण्यापेक्षा हे मधे अडकणं जास्त घातक.

फट मोजायला पत्त्याचं पान घ्या. पानाची लांबी साधारण साडेतीन इंच असते. पान लांबीने आडवं धरून दोन पट्ट्यांच्या मधून आरपार, आरामात जात असेल तर फट मोठी आहे. कार्टूनच्या आकाराचे कटआउट, ढग-चांदण्यांची भोकं, यांनाही हीच परीक्षा लावा. दुकानात चार लोक बघतील, बघू देत.

पाच इंचांचा नियम बहुतेक घरांत मोडतो तो गादीमुळे. बेड घेतला तेव्हा चार इंचांच्या काथ्याच्या गादीचा विचार झालेला असतो. मग दिवाळीच्या ऑफरमध्ये आठ इंचांची गुबगुबीत स्प्रिंगची गादी येते आणि कठडा गादीतच बुडतो. मूल आता कठड्याच्या पातळीवर झोपतंय! वरच्या बेडला पातळ, घट्ट गादीच बरी. लहान वयातल्या पाठीला ती काही वाईट नाही. लांबीही जुळवून बघा. युरोपियन मापाचे बेड २०० सेंटिमीटर लांब असतात आणि आपल्याकडची ७२ इंची गादी भरते १८३ सेंटिमीटर. पायथ्याशी सहा-साडेसहा इंचांचा खड्डा राहतो. तिथे उशी कोंबून ठेवणं हा उपाय नव्हे.

भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये बंक बेडसाठी वेगळं मानक काढलं आहे. ब्रँडेड बेड घेताना तो या मानकाप्रमाणे तपासलेला आहे का, वरच्या मजल्याला किती किलो वजन चालतं आणि गादीची जास्तीत जास्त जाडी किती, हे तिन्ही प्रश्न विचारा. उत्तर कागदावर मागा.

सहाच्या आत? नो एंट्री!

सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवू नये, यावर अमेरिकन आणि युरोपियन नियमांचं एकमत आहे. ‘आमचा चिंटू फार शहाणा आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. चिंटू जागेपणी शहाणा असेल, झोपेत कुणीच नसतं. ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९० ते २००५ या काळात अमेरिकेत बंक बेडमुळे जखमी होऊन इमर्जन्सीत आलेल्या मुला-तरुणांची संख्या वर्षाला सरासरी ३६ हजार निघाली. जवळपास तीन चतुर्थांश जखमा पडल्यामुळे आणि निम्मी मुलं सहा वर्षांखालची. गंमत म्हणजे १८ ते २१ या वयातही आकडा पुन्हा वर गेलेला दिसला. म्हणजे हॉस्टेलवाल्यांनो, तुम्हीही जरा जपून!

झोपेत चालणारं मूल, फिट्सचा त्रास असलेलं मूल, रात्री घाबरून उठून पळणारं मूल, यांना वय कितीही असलं तरी खालचाच बेड. आणि ताप आलेल्या मुलाला त्या दिवसापुरतं खाली आणा. रात्री दोन वाजता शिडीवर उभं राहून थर्मामीटर लावून बघा, मग कळेल.

शिडी, जिना आणि मे महिना

शिडीच्या गोल पाइपच्या पायऱ्या दिसायला छान, पण अनवाणी तळव्याला टोचतात आणि घामट पाय घसरतात. पायरी चपटी, रुंद हवी. शिडी बेडला स्क्रूने बसवलेली हवी, नुसती अडकवलेली नको. वर पोहोचल्यावर धरायला मूठ आहे का, हेही बघा. जागा असेल तर ड्रॉवरचा जिना उत्तम. चढणं सोपं आणि युनिफॉर्म ठेवायला जागा. शिडीच्या पायाशी छोटा नाइट लॅम्प मस्ट.

आरामाचा विषय मात्र आपल्याकडे फारसा कुणी काढत नाही. गरम हवा वर जाते, हे सातवीच्या विज्ञानात शिकतो आणि बेड घेताना विसरतो. मे महिन्यात छताच्या स्लॅबखाली तीन-चार फुटांवर झोपणारं मूल उकडून हैराण होतं. त्यात आपण पंखा काढलेला! म्हणून वॉल फॅनचा झोत वरच्या बेडपर्यंत पोहोचेल असा कोन द्या. एसी असेल तर थेट डोक्यावर नको. खिडकीला लागून वरचा बेड नकोच. ग्रिल असलं तरी नको, मुलं ग्रिलवर चढतात. पडद्याच्या दोऱ्या, कठड्याला बांधलेली ओढणी, स्किपिंगची दोरी, मच्छरदाणीच्या लोंबत्या नाड्या, हे सगळं वरून हद्दपार. गळ्याभोवती फास बसायला वेळ लागत नाही.

आणि वरच्या बेडची चादर कोण बदलणार? हसू नका, हा गंभीर प्रश्न आहे. गुडघ्यांवर बसून, डोकं छताला लागू न देता, भिंतीच्या बाजूची चादर खोचणं ही कसरत आठवड्यातून एकदा आई किंवा कामाच्या मावशी करणार आहेत. घेण्याआधी बाबांनी एकदा करून बघावी. गादी आणि छत यांच्यात तीन फूट नसतील तर ती चादर महिनोन् महिने बदलली जाणार नाही, हे लिहून ठेवा.

सुतार की शोरूम?

उल्हासनगर किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात फिरा, नाहीतर ओळखीच्या सुताराला बोलवा. सुताराकडून केलेला बेड खोलीच्या मापात बसतो, ही मोठी सोय. पण त्याला फोटो दाखवून ‘असा करा’ म्हणू नका. फोटोत मापं नसतात. वरची पाच इंच, साडेतीन इंच, दोन्ही बाजूंचा कठडा, ही मापं कागदावर लिहून द्या. वरच्या बेडच्या पट्ट्या नुसत्या ठेवलेल्या नकोत, स्क्रूने पक्क्या केलेल्या हव्यात. जोड नट-बोल्टचे, नुसत्या चुकांचे नकोत. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको, असा नियम २०१७ पासून लागू आहे. डब्यावर ते छापलेलं असतं, वाचून घ्या. दात येणारी धाकटी पाती कठडाच आधी चावतात.

रेडीमेड बेड असो वा सुताराचा, पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग आकसतं आणि बोल्ट ढिले होतात. दसऱ्याच्या साफसफाईत एकदा सगळे आवळून घ्या. त्याच वेळी टॉर्च मारून सांध्यांत ढेकूण नाहीत ना, तेही बघा. दोन मजली बेड म्हणजे त्यांच्यासाठीही टू बीएचके.

बाकी वर कोण झोपणार, हे भांडण होणारच. दोघंही सहाच्या पुढचे असतील तर महिन्याची पाळी लावा, कॅलेंडरवर नावं टाका. आणि आजी गावाहून आली की खालचा बेड तिचा. तिला ताठ बसून जपमाळ ओढता येईल एवढी उंची खाली मिळतेय का, हे मात्र बुकिंगच्या आधी, शोरूममध्येच कुणा मोठ्या माणसाला बसवून बघा.