घातांकातून शनीचे अंतर

शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे २९.५ वर्षे लागतात. तेवढ्या एका आकड्यावरून तो सूर्यापासून किती दूर आहे, हे कागदावर काढता येते! योहानेस केप्लरने १६१९ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो: अंतराचा ३/२ घात म्हणजे परिभ्रमणकाळ (अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत, काळ वर्षांत). घातांक ३/२ घालवायला दोन्ही बाजूंचा २/३ घात करायचा; दोन्ही घातांकांचा गुणाकार १ होतो. २९.५ चा वर्ग ८७०.२५, त्याचे घनमूळ साधारण ९.५. शनी आपल्यापेक्षा सूर्यापासून एवढ्या पट दूर.

ऋण घातांक दिसला की विद्यार्थी उगाच बिचकतात. तो फक्त संख्येला छेदात नेतो. ग्रहाचा वेग, सेकंदाला किलोमीटरमध्ये, सुमारे ३० गुणिले अंतराचा −१/२ घात. मग वेग १० कुठे असेल? अंतराचा −१/२ घात १/३. दोन्ही बाजूंचा −२ घात केला की अंतर ९, शनीच्या जवळपासच.

इथे मात्र सावध राहायला हवे. उजवीकडे −१/३ असते, तरी उत्तर ९ च आले असते आणि ते चूक ठरले असते, कारण वर्ग करताना उणे चिन्ह पुसले जाते. म्हणून सम घात केला की उत्तर मूळ समीकरणात घालून पाहावेच.