जुनी ‘व्हीटेक’ घेताय? आधी मॅट उचला!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये वीस-बावीस वर्षांची होंडा सिटी येऊन थांबते आणि गाडीवेडी पोरं-पोरी शेजारची नवीकोरी एसयूव्ही सोडून तिच्याभोवती जमतात. कारण एकच, मागे लिहिलेलं ‘व्हीटेक’! दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम टनभर.

दोन सीटवाल्या अस्सल स्पोर्ट्स कार आपल्याकडे फारशा आल्याच नाहीत. बाहेरून जुनी माझदा मियाटा मागवू म्हणाल, तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही. म्हणून आपल्या जुन्या स्पोर्ट्स कार म्हणजे सिटी व्हीटेक, २००१ची फियाट पॅलिओ १.६ आणि २००४ मध्ये आलेली, १५० अश्वशक्तीची टर्बो इंजिनवाली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. यातली एखादी बऱ्यापैकी बाइकच्या किमतीत मिळतेही. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

गाडी बघायला गेलात की मालक आधी बॉनेट उघडून रेस करून दाखवेल. आवाज भारी असतोच, भुलू नका. पायाखालची मॅट उचला. डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, दारांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवा. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि आतून पोखरलेली असू शकते. इंजिन बांधून मिळतं, सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. मग विचारा, टायमिंग बेल्ट कधी बदलला? बिल आहे? नसेल तर बदललेला नाही असंच धरा. चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. आणि इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्ट मारून बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दिसली तर उद्या सकाळी येतो म्हणा.

मॉडिफाय केलेली गाडी ‘सगळं करून ठेवलंय’ म्हणून गळ्यात मारतात. माझं मत विचाराल तर ‘स्टॉक’च घ्या. कर्कश सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा म्हणजे आरटीओचा दंड आणि मेकॅनिकची डोकेदुखी.

आता कागद. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५ हजार झाली. २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये ती १० हजारांवर गेली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे आरसीची मुदत चार महिन्यांत संपत असेल, तर भाव करताना हे पैसे वजा करायलाच हवेत. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिची एनओसी आणि इथला रोड टॅक्स जोडून हिशेब मांडा.

विकणाऱ्यांनीही कान द्या. ‘ट्रान्सफर करून घेतो रे’ म्हणणाऱ्या मित्राला नुसती चावी देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी त्याच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा. गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

एवढं सगळं कशासाठी? रविवारी पहाटे, गर्दी व्हायच्या आत, ताम्हिणीच्या वळणांवर ती घेऊन जा. रेस लावायला नाही हं, त्यासाठी कोइम्बतूर-चेन्नईचे ट्रॅक आहेत. साठच्या वेगातही तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाऊ लागतं आणि हायड्रॉलिक स्टीअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा तळहाताला कळतो. नव्या गाडीतल्या मोठ्या स्क्रीनवर हे दिसत नाही. घाटमाथ्यावर चहाला थांबलात की कुणीतरी काका येऊन विचारतीलच, ‘विकायचीय का?’