‘ओन्ली’ची जागा आणि आवाजाचा कल

इंग्रजी वाक्यातील शब्दक्रम बराचसा ठरलेला असला, तरी क्रियाविशेषणाला, म्हणजे क्रियेची रीत, काळ किंवा मर्यादा सांगणाऱ्या शब्दाला, त्यात हिंडायला पुष्कळ मोकळीक असते. ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ या वाक्यात दिलेले उत्तर मूर्खपणाचे ठरते. ‘ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन’ म्हटले, की उत्तर अगदी अचूक असले तरी ते देण्याच्या फंदात पडणे हाच मूर्खपणा होता, असा बोलणाऱ्याचा अभिप्राय त्यातून निघू शकतो.

खरा घोळ आहे तो ‘ओन्ली’चा. ‘शी ओन्ली लेंट रवि द बुक’ या वाक्यात ‘लेंट’वर आघात दिला, म्हणजे तो शब्द जोर देऊन उच्चारला, तर पुस्तक भेट दिले नव्हते, परत करण्याच्या बोलीवर दिले होते, असे कळते, जोर ‘रवि’वर आला तर दुसऱ्या कोणाला दिले नाही, आणि ‘बुक’वर आला तर दुसरे काही दिले नाही. ‘ओन्ली’ जागचा हलत नाही. आघात ज्या शब्दावर पडतो त्याचे पर्याय ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहतात आणि ‘ओन्ली’ ते खोडून टाकतो. माट्स रूथ यांनी १९८५ च्या आपल्या प्रबंधात या पर्यायांची तर्कशुद्ध मांडणी केली.

कागदावर मात्र आवाज नसतो, म्हणून ‘ओन्ली’ संबंधित शब्दाला खेटूनच लिहावा, असा दंडक व्याकरणकारांनी घातला. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात या अट्टहासाची खिल्ली उडवली, आणि ती रास्तच होती, कारण संदर्भ स्पष्ट असेल तर वाचक सहसा चुकत नाही. मराठीत ‘च’ हा त्या त्या शब्दालाच चिकटत असल्याने हा पेच फारसा पडत नाही; ‘तो घरीच आहे’चे ‘ही इज ॲट होम ओन्ली’ करणाऱ्या भारतीय इंग्रजीत ‘ओन्ली’ शब्दामागे जातो तो बहुधा याच सवयीने.

काही ठिकाणी तर सगळा भार सुरावटीवर, म्हणजे आवाजाच्या चढउतारावर पडतो. ‘ही डझंट लेंड मनी टू एनीबडी’ हे वाक्य शेवटी आवाज सरळ खाली आणून म्हटले तर तो कोणालाही पैसे देत नाही. आवाज खाली आणून पुन्हा किंचित वर नेला तर तो देतो, पण वाटेल त्याला नाही. हा दुसरा अर्थ निःसंदिग्धपणे लिहायचा असेल तर ‘एनीबडी’च्या आधी ‘जस्ट’ हे आणखी एक क्रियाविशेषण घालावे लागते.