एडिसनची बाग आणि पांझरेचं पाणी

एडिसनचं हिवाळी घर फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला आहे. १८८५ मध्ये त्याने तिथे जागा घेतली. आज लोक तिकीट काढून घर बघतात, पण माझ्या मते खरी गंमत बागेत आहे. रबर देणारी वनस्पती शोधायला त्याने तिथे प्रयोग केले. म्हणजे बाग कसली, प्रयोगशाळाच ती!

आपल्या खान्देशात असं काही आहे का? घर नाही, पण काम आहे. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच धुळ्याकडे आले. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला पांझरेचा प्रवाह ओलांडून पाणी न्यायचं होतं. त्यासाठी सायफन बांधला. तत्त्व सोपं: पाणी नळातून खाली उतरतं, नदीच्या तळाखालून जातं आणि पलीकडे परत वर चढतं. पंप लागत नाही. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली असलं की झालं. आपोआप उघडणाऱ्या दारांचं पेटंट पुढचं, ती दारं १९०३ मध्ये खडकवासल्याला बसली.

याच पांझरेवर फड पद्धत त्यांच्याही आधीची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाटकरी देणार. पुढे नीरा कालव्यासाठी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली, तिच्याशी याचं साम्य लपत नाही. विहिरी आणि मोटारी आल्या तसे फड मोडत गेले. एडिसनची बाग तिकिटावर जगते. फड मात्र शेतकऱ्यांनी एकत्र पेरलं तरच उरतो. साक्रीकडे गेलात तर पाटावर थांबून पाटकऱ्याशी बोला.