केबल संपते तिथून पुढे

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. पण केबल पंचायतीत आली तरी वाड्या-पाडे लांबच राहणार होते. आयआयटी मुंबईत दूरसंचार जाळ्यांवर काम करणारे प्रा. अभय करंदीकर यांनी नेमका हाच तुकडा हाती घेतला.

टीव्हीसाठी राखलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 15 वाहिन्या मावतात. करंदीकरांच्या गटाने दूरदर्शनच्या प्रक्षेपकांचा हिशेब मांडला, तर जवळपास सगळीकडे निदान 12 रिकाम्या निघाल्या. गायरान पडीक आणि गावातल्या गुरांना चारा नाही, त्यातला प्रकार! या पट्ट्यातल्या लहरी झाडीतून आणि चढउतारांवरून वायफायपेक्षा बऱ्या जातात. पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांची चाचणी झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाचा सव्वा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. या प्रकल्पातल्या सर्बानी बॅनर्जी बेलूर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. अशा कामात फक्त प्राध्यापकच लक्षात राहतात.

2018 मध्ये करंदीकर आयआयटी कानपूरचे संचालक झाले. कोविडच्या पहिल्या लाटेत त्या संस्थेच्या पाठबळावर नोक्का रोबोटिक्सच्या तरुणांनी पुण्यात व्हेंटिलेटर बनवला. पुढे कानपूरलाच वैद्यकीय संशोधनाचं गंगवाल स्कूल आकाराला आलं. जाळ्यांचा माणूस आरोग्याकडे वळला याचं मला नवल वाटत नाही. दूरस्थ उपचारात डॉक्टर असतो, रुग्णही असतो. अडतं ते मधल्या वाटेवर.

बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथचंच बघा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथून साधारण 25 किलोमीटर. बालाघाटाच्या कुशीतल्या उपकेंद्रातून छातीचा 10 मेगाबाइटचा एक्स-रे 512 केबीपीएसच्या लाइनवर तिकडे पाठवायचा, तर लाइन एकदाही तुटली नाही असं धरूनही अडीच मिनिटांवर वेळ जातो. ईसीजीची फाइल मात्र छोटी, झटकन जाते. म्हणून ‘वेग किती’ याआधी ‘लाइन दिवसभर टिकते का’ हे विचारावं. ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेवर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने डॉक्टरला जोडून दिलं आणि मध्येच आवाज गेला, तर रुग्ण दुसऱ्यांदा येईलच याची खात्री कोण देणार?

‘फ्रुगल 5जी’ या स्वस्त जाळ्याची करंदीकरांच्या गटाची मांडणी पुढे आयईईईच्या 2061 या मानकापर्यंत पोचली. खेड्यातला माणूस धावत्या गाडीतून नेट वापरत नाही, तेव्हा त्या सोयीवरचा खर्च वाचवा, हे तिचं एक गृहीतक. तांत्रिकदृष्ट्या बिनचूक. पण बीडचा माणूस वेगळ्याच तऱ्हेने हलतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आगेमागे निघतो तो पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात असतो. गरोदर बाईची तपासणी परळी तालुक्यात, सातवा-आठवा महिना फडावरच्या कोपीत. टॉवर तिच्यामागे जायची गरज नाही. तिची नोंद जायला हवी.

त्यासाठी 2021 पासूनचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, 14 आकडी ‘आभा’ क्रमांक आहे. पण नोंद उघडायला बहुधा मोबाइलवर ओटीपी लागतो. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा गाडी खाली करायला कारखान्याच्या रांगेत. त्या वेळी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला तिचं मागचं हिमोग्लोबिन दिसेल, अशी सोय अँटेना उभारून होणार नाही. बीडच्या आणि कारखाना असलेल्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्यांनी हंगामाआधी एकत्र बसून ती करायची आहे.