फांदीवरील पंखाकृती कवकाची ओळख

मुंबईतील प्रभादेवीच्या रस्त्यांवरील गुलमोहराच्या वाळलेल्या फांद्यांवर पावसाळ्यात सालीतून फुटून येणारे, एक ते चार सेंटिमीटर रुंदीचे, देठाविना चिकटलेले करडे-पांढरे लवदार पंखे बहुधा ‘शिझोफायलम कम्यून’ या कवकाचे असतात; १८१५ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ एलियास फ्रीज यांनी त्यास हे नाव दिले. निर्णायक खूण खालच्या अंगास सापडते: तेथील प्रत्येक पडदी कडेवर उभी चिरलेली असते, आणि हवा कोरडी होताच चिरेची दोन्ही अंगे वळून बीजाणुजनक थर झाकून घेतात, तर पाणी मिळताच पूर्ववत उलगडतात. हे कवक मुख्यतः मृत काष्ठावर उपजीविका करते; अर्थात ते ज्या फांदीवर उगवते, ती बहुधा मृत असून मोडून पडू शकते. म्हणून रहदारीवर झुकलेल्या फांदीवर ते आढळल्यास महानगरपालिकेच्या उद्यान खात्यास तत्काळ वर्दी द्यावी, हेच वृक्षाच्या व पादचाऱ्यांच्या हिताचे होय.